ऋण, सत्य आणि रंगभूमी : हबीब तन्वीर यांच्या रंगकार्यातील एक नैतिक प्रश्न

१

आधुनिक भारतीय रंगभूमीच्या चर्चेत ‘लोककलांचा वापर’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झालेला आहे की, त्यातील ‘वापर’ या शब्दाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वापर साधनाचा होतो. साधनाला स्वतःचे म्हणणे नसते, आणि काम झाल्यावर ते बाजूला ठेवता येते. लोककलेच्या संदर्भात मात्र ज्याला साधन म्हटले जाते, ते कुणाचे तरी बोलणे, चालणे, गाणे आणि हसणे असते. म्हणून ‘अमुक नाटककाराने लोकतत्त्वांचा प्रभावी वापर केला आहे’ हे वाक्य समीक्षेत गौरवाचे मानले जात असले, तरी त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला असतो. ज्यांची कला आहे ती माणसे या व्यवहारात कोठे आहेत? आणि जे घेतले गेले त्याचे ऋण कोणत्या स्वरूपात मान्य केले गेले?

या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. ‘परंपरा ही कुणा एकाची मालमत्ता नाही, ती सर्वांची आहे, तेव्हा ऋणाचा प्रश्नच उद्भवत नाही’ हे एक टोक. ‘शहरी, शिक्षित कलावंताने ग्रामीण कलेला हात लावणे हेच मुळात शोषण आहे’ हे दुसरे. पहिल्या भूमिकेत ऋण नाकारले जाते. दुसऱ्या भूमिकेत ऋणको आणि धनको यांचा संबंधच तोडून टाकला जातो. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत प्रत्यक्ष व्यवहाराची तपासणी करण्याची गरज उरत नाही. रायपूर येथे जन्मलेले आणि आपल्या सर्जनशील आयुष्याचा फार मोठा भाग छत्तीसगढच्या नाचा कलावंतांबरोबर व्यतीत केलेले नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांचे रंगकार्य अशी तपासणी करण्यास विशेष उपयुक्त आहे. या कार्यात ऋण नाकारलेले नाही आणि ते फिटल्याचा दावाही सहजासहजी करता येत नाही.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक भेद आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये दशावतार, खेळे, कीर्तन यांचे रूपबंध नागर रंगभूमीवर आले. परंतु ते साकार करणारे नट पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. म्हणजे तेथे रूपांनी प्रवास केला, कलावंतांनी केला नाही. तन्वीर यांच्या रंगभूमीवर स्वतः कलावंतांनीच प्रवास केला. या भेदामुळे कोणतेही एक नाटक आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. मात्र नैतिक प्रश्नाचे स्वरूप बदलते. रूप उचलले तर हिशेब परंपरेशी करावा लागतो आणि परंपरा सहसा तक्रार करत नाही. माणसे सोबत घेतली तर हिशेब त्यांच्याशीच करावा लागतो.

२

तन्वीर यांच्या घडणीचे टप्पे परिचित आहेत. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर १९४५ च्या सुमारास ते मुंबईस आले. आकाशवाणी, चित्रपट, प्रगतिशील लेखक चळवळ आणि भारतीय जननाट्य संघ (इप्टा) या चारही क्षेत्रांशी त्यांचा संबंध आला. इप्टाच्या मुंबईतील वर्तुळात तेव्हा अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी घुमत होती. लोकरूप आणि राजकीय आशय यांचा मेळ कसा बसतो, याचे जिवंत उदाहरण या शहरात उपलब्ध होते. पुढे ते दिल्लीस गेले आणि १९५४ साली त्यांचे ‘आग्रा बाजार’ हे नाटक आले.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ‘आग्रा बाजार’ची रचना अत्यंत अर्थपूर्ण आहे. नाटक नजीर अकबराबादी या कवीविषयी आहे, परंतु नजीर रंगमंचावर एकदाही येत नाही. येतो तो बाजार. एका बाजूस पुस्तकांचे दुकान आहे. तेथे जमणारे विद्वान आणि कवी नजीरला कवी मानायला तयार नाहीत. दुसऱ्या बाजूस पतंगाचे दुकान आहे. तेथे त्याची कविता लोकांच्या तोंडी आहे. एका काकडीवाल्याचा माल खपत नाही. आपल्या मालावर कविता मिळाली तर गिऱ्हाईक येईल, असे त्याच्या मनात येते. मोठे कवी त्याला झिडकारतात, नजीर मात्र काकडीवर कविता रचून देतो आणि माल विकला जातो. जामिया मिलिया परिसरातील विद्यार्थी व शिक्षक आणि ओखला गावातील रहिवासी अशा मिश्र संचाने हे नाटक सादर केले होते.

या रचनेत कर्तृत्वाविषयीचा एक विचार अनुस्यूत आहे. कवी अनुपस्थित आणि कविता सर्वत्र, अशी ही व्यवस्था आहे. काकडीवाला कविता ‘वापरतो’ हे खरे. पण त्याच्या गरजेतूनच ती कविता जन्मास आलेली असते. त्याच्या आरोळीवाचून ती अपुरी आहे. देणारा आणि घेणारा या भूमिका येथे सतत बदलत राहतात. कवीने बाजाराकडून शब्द घेतले आणि बाजाराने कवीकडून कविता घेतली. तन्वीर यांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा आदर्श नमुना म्हणून या चित्राकडे पाहता येते. परंतु आदर्श नमुना रंगमंचावर उभा करणे एक, आणि नाटकमंडळीच्या दैनंदिन व्यवहारात तो उतरवणे दुसरे. ते साधण्यास त्यांना जवळजवळ दोन दशके लागली.

३

१९५५ साली तन्वीर इंग्लंडला गेले. लंडनच्या राजेशाही नाट्यकला अकादमीत आणि त्यानंतर ब्रिस्टल येथे त्यांनी प्रशिक्षण घेतले. १९५६ साली ते बर्लिनला पोहोचले तेव्हा ब्रेख्तचे निधन होऊन थोडेच दिवस झाले होते, परंतु त्याच्या नाट्यसंस्थेचे प्रयोग त्यांना पाहता आले. १९५८ साली परतल्यावर रायपुरात त्यांनी रात्रभर चाललेला नाचा पाहिला, आणि त्यातील सहा कलावंतांना दिल्लीस नेऊन शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’वर आधारित ‘मिट्टी की गाडी’ हे नाटक बेगम कुदसिया झैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी बसवले. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ची स्थापना केली.

समीक्षेत हा क्षण बहुधा ‘मुळांकडे परतणे’ या नावाने गौरवला जातो. नैतिक दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो मात्र त्यानंतरचा, अपयशाचा काळ. नाचातील हे नट आपल्या गावी रात्ररात्र प्रेक्षक खिळवून ठेवत. दिल्लीच्या रंगमंचावर तेच नट अवघडलेले दिसू लागले. या अवघडलेपणाची दोन कारणे तन्वीर यांनी पुढे अनेक प्रसंगी मोकळेपणाने सांगितली. पहिले कारण भाषेचे. ज्यांची मातृभाषा छत्तीसगढी, त्यांच्याकडून ते प्रमाण हिंदीतील संवाद म्हणवून घेत होते. दुसरे कारण हालचालींचे. इंग्लंडमध्ये शिकलेल्या पद्धतीने ते नटांच्या जागा आणि दिशा आधीच ठरवून देत. नाचाचा नट मात्र प्रेक्षक जिकडून दाद देईल तिकडे वळण्यात वाढलेला असतो. प्रेक्षक त्याला तीन बाजूंनी, कधी चारही बाजूंनी वेढून असतो आणि त्याच्याशी तो क्षणाक्षणाला व्यवहार करतो. आखलेल्या रेषांवर चालायला लावले की त्याची कलाच त्याच्यापासून काढून घेतली जाते.

म्हणजे दिग्दर्शकाने कलावंतांना सोबत आणले होते, त्यांचा सन्मानही केला होता, तरीही तो त्यांना ‘वापरत’च होता. सद्हेतूने हा प्रश्न सुटत नाही, हे या टप्प्याचे खरे शिक्षण आहे. नट रंगमंचावर देहाने उपस्थित होता, परंतु ज्या भाषेत त्याला विचार सुचतो ती भाषा दाराबाहेर राहिली होती. सत्तरीच्या आरंभी तन्वीर यांनी ही चूक दुरुस्त केली. १९७३ साली रायपुरात घेतलेल्या नाचा शिबिरातून ‘गांव के नाव ससुराल, मोर नाव दामाद’ हे नाटक घडले. तीन पारंपरिक प्रहसने त्यात एकत्र गुंफलेली होती, संवाद छत्तीसगढीत होते आणि त्यांचा मोठा भाग नटांच्या उत्स्फूर्त बोलण्यातून आलेला होता. कथासूत्र द्यायचे, नटांना बोलू द्यायचे, आणि मग जे निघाले त्याची निवड व बांधणी करायची, ही पद्धत येथून स्थिर झाली.

या दुरुस्तीला किंमत होती. छत्तीसगढी न समजणारा दिल्लीचा प्रेक्षक दुरावण्याची शक्यता उघड होती. ऋणाची कबुली खरी की केवळ शाब्दिक, हे कळण्याची कसोटी कदाचित येथेच आहे. ऋणको आपल्या सोयीच्या चलनात परतफेड करू पाहतो, की धनकोच्या चलनात? मानधन, प्रसिद्धी, परदेशदौरे ही शहराच्या चलनातील परतफेड झाली. ती आवश्यक असते, पण पुरेशी नसते. नटाची भाषा हीच नाटकाची भाषा ठरवणे, आणि दुर्बोधतेचा धोका नटाऐवजी प्रेक्षकाकडे सोपवणे, ही धनकोच्या चलनातील परतफेड होय.

४

‘चरणदास चोर’ (१९७५) हे तन्वीर यांचे सर्वाधिक गाजलेले नाटक. १९८२ साली एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि ‘नया थिएटर’चे नाव जगभर झाले. या नाटकाचा आशय आणि त्याच्या निर्मितीची प्रक्रिया एकाच नैतिक प्रश्नाभोवती फिरतात.

कथासूत्र साधे आहे. चरणदास हा चोर एका साधूपुढे थट्टेच्या ओघात चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. ज्या गोष्टी आपल्या वाट्याला कधी येणारच नाहीत त्यांचा त्याग करण्यात त्याचे काही जात नाही. गुरू त्याला चोरी सोडायला सांगतो. तो त्याचा धंदा असल्याने ते त्याला शक्य नसते. मग गुरू त्याच्याकडून खोटे न बोलण्याचे वचन घेतो. पुढे राज्याच्या खजिन्यातून तो फक्त पाच मोहरा चोरतो. त्या चोरीच्या आडोशाने खजिन्याचा मुनीम आणखी पाच स्वतःच्या खिशात घालतो. खरे बोलण्याच्या व्रतामुळे चरणदासची चोरी उघड होते आणि मुनिमाचीही. राणी त्याच्या सचोटीवर लुब्ध होते. हत्ती, सोन्याचे ताट आणि अखेर स्वतःचा हात त्याला देऊ करते. थट्टेत केलेल्या प्रतिज्ञा एकेक करून खऱ्या परीक्षेला उभ्या राहतात. त्याने लग्नास नकार दिल्यावर राणी निदान एवढे मागते की, ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. तेही वचन तो देऊ शकत नाही, आणि त्याला मारले जाते.

सत्यनिष्ठेच्या भारतीय कथापरंपरेत हरिश्चंद्राची कथा सर्वपरिचित आहे. तिच्याशी तुलना केली असता चरणदासचे वेगळेपण ध्यानात येते. हरिश्चंद्राची परीक्षा ऋषी व देव पाहतात आणि अखेर गमावलेले सर्व त्याला परत मिळते. चरणदासची परीक्षा सत्ता पाहते आणि सत्ता काहीच परत करत नाही. पाश्चात्त्य नीतिविचारात कांटने सत्यकथन हे अपवाद न मानणारे कर्तव्य ठरवले. त्याच्या युक्तिवादाला सार्वत्रिक विवेकाचा आधार आहे. चरणदासपाशी असा कोणताही सार्वत्रिक सिद्धान्त नाही. तो चोरीला अनीती मानून ती सोडत नाही आणि सत्याचे तत्त्वज्ञानही सांगत नाही. त्याचे सत्य हे दिलेल्या शब्दाचे सत्य आहे. शब्द देताना त्याची किंमत ठाऊक नव्हती, हे कारण तो पुढे करत नाही. नाटकाची नैतिक तीव्रता येथे आहे. वचनाची किंमत वचन दिल्यानंतरच कळते, आणि कळल्यानंतर ते मोडण्याचे समर्थन नेहमीच उपलब्ध असते.

आता निर्मितीच्या प्रक्रियेकडे वळता येईल. ही कथा राजस्थानचे कथाकार विजयदान देथा यांच्याकडून आली. देथांनी ती मौखिक परंपरेतून घेऊन आपल्या पद्धतीने लिहिली होती. तन्वीर यांनी ती छत्तीसगढी नटांना दिली आणि त्यांच्या उत्स्फूर्त संवादांतून तिला रंगरूप आले. गाणी छत्तीसगढी गीतकारांनी रचली. नाटकाचे एक प्राथमिक रूप १९७४ साली भिलाई येथे सादर झाले होते. गुरू घासीदासांना मानणाऱ्या सतनामी पंथाच्या जीवनदृष्टीत सत्यालाच ईश्वराचे स्थान आहे, आणि चोराच्या सत्यव्रताची कथा तिच्याशी सहज जुळली. सतनामींचे पंथी नृत्य आणि गीत नाटकाचा अविभाज्य भाग बनले. गोविंदराम निर्मलकर यांनी चोराची भूमिका अनेक वर्षे केली, तर राणीच्या भूमिकेत फिदाबाई यांनी आपला ठसा उमटवला.

अनाम कथेकरी, देथा, तन्वीर, नट, गीतकार, सतनामी पंथ अशी ही ऋणांची साखळी आहे. छापील संहितेवर मात्र नाटककार म्हणून एकच नाव असते. येथे ‘परंपरा सर्वांची’ हा युक्तिवाद पुन्हा डोके वर काढतो. साखळीला आरंभ नसेल तर मालकही नाही, आणि मालक नसेल तर ऋणही नाही, असे त्याचे स्वरूप असते. परंतु आद्य मालक सापडत नाही यावरून मधल्या दुव्यांचे देणे संपते, असे सिद्ध होत नाही. लोककथेचा आद्य निर्माता अज्ञात असला तरी अमुक वाक्य अमुक नटाला तालमीत सुचले, ही गोष्ट अज्ञात नसते. अनामिकतेचा फायदा नेहमी त्यालाच मिळतो ज्याचे नाव आधीपासून छापले जात असते. नाटकातील मुनीम हेच करतो. त्याच्या दृष्टीने खजिना तर फुटलेलाच आहे, तेव्हा आणखी पाच मोहरांचा हिशेब कोण विचारणार? चरणदासची चोरी आणि मुनिमाची चोरी यांत फरक रकमेचा नाही, दोघेही पाचच मोहरा घेतात. एक जे घेतले ते घेतले म्हणून सांगतो आणि दुसरा ते हिशेबात लपवतो, इतकाच फरक आहे, आणि नाटकाच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. तन्वीर यांनी आपल्या घेण्याविषयी मौन बाळगले नाही. त्यांच्या मुलाखतींतून, लेखनातून नटांची आणि स्रोतांची नावे वारंवार येतात. परंतु सांगणे म्हणजे फेडणे नव्हे, हेही तितकेच खरे आहे.

५

कर्तृत्वाचा प्रश्न सहसा कीर्तीच्या संदर्भात विचारला जातो: श्रेय कुणाचे? तो दोषाच्या संदर्भातही विचारला पाहिजे. जबाबदारी कुणाची? ‘पोंगा पंडित’ या प्रहसनाने हा दुसरा प्रश्न तन्वीर यांच्यापुढे उभा केला. ‘जमादारिन’ या नावानेही ओळखले जाणारे हे प्रहसन त्यांनी लिहिलेले नव्हते. नाचाच्या कलावंतांनीच ते १९३० च्या दशकात रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळवले. सफाईकाम करणारी स्त्री आणि पुरोहित यांच्यातील झगड्यातून अस्पृश्यतेच्या ढोंगाची ते टिंगल करते. गावोगावच्या प्रेक्षकांनी ते दशकानुदशके हसत पाहिले. १९९२ च्या डिसेंबरनंतर मात्र त्याला विरोध सुरू झाला, आणि २००३ साली मध्य प्रदेशातील दौऱ्यात हिंदुत्ववादी संघटनांच्या निदर्शनांनी अनेक ठिकाणी प्रयोग उधळले गेले. गावातल्या हिंदू कलावंतांचे हे जुने प्रहसन एका मुस्लिम नावाच्या दिग्दर्शकाच्या कारस्थानाचा पुरावा ठरवले गेले.

अशा वेळी एक उत्तर सहज उपलब्ध होते: हे नाटक माझे नाही, ते परंपरेचे आहे. ते वस्तुस्थितीला धरूनही झाले असते. आणि वादाचा इतिहास स्पष्ट करण्यासाठी तन्वीर यांनी प्रहसनाचे मूळ सांगितलेही. परंतु मूळ सांगणे आणि मुळाच्या आड लपणे यांत फरक आहे. त्यांनी प्रहसन कार्यक्रमातून काढून टाकले नाही. विरोध होत असतानाही ते त्याचे प्रयोग करत राहिले आणि प्रेक्षकांशी चर्चा करत राहिले. कीर्तीच्या वेळी नाटक ‘आपले’ आणि संकटाच्या वेळी ‘परंपरेचे’ म्हणणारा कलावंत परंपरेला दुहेरी वापरतो. ज्याचे श्रेय घेतले त्याचा दोषही पत्करणे ही ऋण मान्य करण्याची दुसरी पद्धत होय. या प्रसंगात तन्वीर यांनी, स्वतः न लिहिलेल्या शब्दांची जबाबदारी घेतली. दुसऱ्याच्या शब्दांना आपल्या नावाचे संरक्षण देणे हे त्या शब्दांवर आपले नाव घालण्याच्या नेमके उलट आहे.

‘हिरमा की अमर कहानी’ (१९८५) या नाटकात हाच विचार वेगळ्या बाजूने येतो. १९६६ साली जगदलपूर येथे पोलिसांच्या गोळीबारात बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांचा मृत्यू झाला. ती घटना नाटकाच्या पार्श्वभूमीला आहे. सरंजामी राजाविषयी आदिवासींना वाटणारी निष्ठा आणि आधुनिक राज्ययंत्रणेची विकासाची भाषा यांच्या संघर्षात नाटककार कोणत्याही बाजूला निर्दोष ठरवत नाही. डाव्या चळवळीत घडलेल्या लेखकाला राजनिष्ठेची टिंगल करणे सोपे होते. परंतु जे लोक त्या निष्ठेत जगतात त्यांना ती काय देते, हा प्रश्न त्याने उघडा ठेवला. दुसऱ्याच्या भाषेला रंगमंचावर जागा दिली की, आपल्याला न पटणाऱ्या तिच्या म्हणण्यालाही जागा द्यावी लागते. लोकभाषा स्वीकारायची आणि तिच्यातून फक्त आपले विचार वदवून घ्यायचे, हा ‘वापर’चाच एक सूक्ष्म प्रकार झाला असता.

६

एवढ्यावरून तन्वीर यांच्या रंगकार्यात ऋणाचा हिशेब पुरा झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दिग्दर्शक आणि नट यांच्यातील विषमता भाषेच्या निवडीने नाहीशी होत नाही. नटांच्या उत्स्फूर्त संवादांतून काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हा अंतिम निर्णय एकाच व्यक्तीकडे राहिला. तन्वीर यांना १९६९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७२ ते १९७८ या काळात ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते, १९८३ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान आले. गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली ती २००९ साली, दीर्घ सहप्रवासाच्या अखेरीस. पारंपरिक नाचात स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत. ‘नया थिएटर’मध्ये मात्र फिदाबाईंसारख्या देवार जमातीतील गायक-नर्तक स्त्रिया प्रमुख भूमिकांत आल्या. ‘बहादुर कलारिन’ (१९७८) ही शोकात्मिका तर फिदाबाईंच्या अभिनयावाचून कल्पिताच येत नाही. तरीही नाट्यशास्त्रीय ग्रंथांत या अभिनयाची नोंद बहुधा दिग्दर्शकाच्या शोधाचे फलित म्हणून होते, स्वतंत्र प्रतिभेचे कार्य म्हणून क्वचितच. हा दोष एका दिग्दर्शकाचा नाही, समीक्षेचाही आहे. संहिता आणि दिग्दर्शन यांचे विश्लेषण करण्याची परिभाषा समीक्षेपाशी आहे. निरक्षर नटाच्या विचाराचे विश्लेषण करण्याची परिभाषा तिने अद्याप पुरेशी घडवलेली नाही.

या अपुऱ्या हिशेबाचे सर्वांत अवघड प्रकरण तन्वीर यांच्या मृत्यूनंतर उघडले. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सतनामी समाजातील काहींनी ‘चरणदास चोर’च्या पुस्तकातील मजकुरावर आक्षेप घेतल्यामुळे छत्तीसगढ शासनाने त्या पुस्तकावर बंदी घातली. ज्या पंथाच्या गीतनृत्याने नाटकाला त्याचा आत्मा दिला, त्याच पंथाच्या नावाने ते रोखले गेले.

हा प्रसंग केवळ ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध असहिष्णुता’ या परिचित चौकटीत बसवणे अपुरे आहे. प्रस्तुत निबंधातील परिभाषेत सांगायचे तर, आक्षेप घेणारा समाज या नाटकाचा धनको आहे. ‘आमच्याविषयी जे लिहिले गेले ते आम्हाला मान्य नाही’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार इतर कोणत्याही वाचकापेक्षा अधिक आहे. जातिव्यवस्थेने शतकानुशतके ज्यांची व्याख्या दुसऱ्यांच्या शब्दांत केली, त्यांनी आपल्या चित्रणाविषयी जागरूक असणे स्वाभाविक आहे. सहानुभूतीने लिहिणाऱ्या लेखकालाही या जागरूकतेतून सूट मिळत नाही. परंतु धनकोने हिशेब मागणे आणि शासनाने वही जप्त करणे या दोन भिन्न कृती आहेत. हिशेब मागितला गेला असता तर संवाद सुरू झाला असता. कदाचित मजकूर बदलला गेला असता, कदाचित त्याचा अर्थ नव्याने सांगितला गेला असता. बंदीने तो संवाद होण्यापूर्वीच थांबवला. ज्यांच्यात ऋणाचा संबंध होता त्या दोघांच्या मध्ये शासन उभे राहिले आणि दोघांच्या वतीने त्याने मौनाचा निर्णय दिला. नाटकातील राणीनेही अखेरीस मौनच मागितले होते.

७

भारतीय परंपरेत ऋणाची कल्पना व्यापारी कर्जाहून वेगळी आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही रक्कम मोजून फेडण्याची ऋणे नव्हेत. ज्ञान पुढच्याला दिले की ऋषिऋण फिटते असे म्हणतात, म्हणजे ते मागे न जाता पुढे जाते. मराठीत ‘उतराई होणे’ हा शब्दप्रयोग बहुधा नकारातच येतो. अमुकाचा उतराई होता येणार नाही, असेच माणूस म्हणतो, आणि त्या नकारात कृतघ्नता नसते, कबुली असते. तन्वीर यांच्या रंगकार्याचे नैतिक मूल्य ठरवताना ही कल्पना उपयोगी पडते. ते छत्तीसगढच्या कलावंतांचे उतराई झाले का, हा प्रश्न चुकीचा आहे. त्यांनी ते ऋण कोणत्या रीतीने चालू ठेवले, हा प्रश्न योग्य आहे. त्याची उत्तरे त्यांच्या कार्यातच सापडतात: धनकोच्या भाषेला नाटकाची भाषा मानून, श्रेयाबरोबर दोष पत्करून, आणि आपल्याला न पटणाऱ्या निष्ठांनाही रंगमंचावर बोलू देऊन. जेथे ते कमी पडले तेथे त्यांच्या नंतरच्या रंगकर्मींचे आणि समीक्षकांचे काम सुरू होते. ऋण पुढे जाते ते असे.

चरणदासने प्रतिज्ञा केल्या तेव्हा त्यांची किंमत त्याला ठाऊक नव्हती. १९५८ साली सहा नटांना दिल्लीस नेणाऱ्या दिग्दर्शकालाही आपण कोणता शब्द देत आहोत, हे बहुधा ठाऊक नव्हते. तो शब्द काय होता हे समजायला पंधरा वर्षे गेली, आणि पाळायला उरलेले आयुष्य. ‘लोककलांचा वापर’ असे लिहिण्यापूर्वी समीक्षेनेही क्षणभर थांबून विचारावयास हवे की, या वाक्यात कुणी कुणाला कोणता शब्द दिलेला आहे.